आरोग्य-चर्चा : बॉक्स रूममधले ऑफिस



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून एक लहानशी खोली असते. इस्टेट एजंट तिला तिसरी बेडरूम म्हणतो, शेजारचे आयरिश लोक बॉक्स रूम म्हणतात आणि आपण सामानाची खोली म्हणतो. तिच्यात पलंग टाकला तर दार पुरते उघडत नाही आणि दार उघडायचे तर पलंग मावत नाही. भारतातून आलेल्या मोठ्या बॅगा, गणपतीचे मखर, लहान झालेले स्वेटर, कुणाला तरी द्यायचा म्हणून ठेवलेला पाळणा असा सगळा संसार तिथे सुखाने नांदत होता. मार्च २०२० मध्ये त्याच्यात एक टेबल, एक खुर्ची आणि घरातला एक कमावता माणूस जाऊन बसला. मखर दरवर्षी भाद्रपदात बाहेर येते. माणूस मात्र पुष्कळ घरांत अजून आतच आहे.

या अंकातले सदर त्या माणसाच्या (आणि बाईच्या) तब्येतीविषयी आहे.

घरून काम करण्यावर आपल्याकडे बोलणे काही कमी होत नाही. कोणती कंपनी आठवड्यातले किती दिवस बोलावते, एम-५० वरचा किती वेळ वाचतो, क्रेशचे पैसे कसे वाचतात, याची माहिती हळदीकुंकवालाही मिळते. तब्येतीचा विषय निघाला तर मात्र "पाठ जरा धरते हो" एवढ्यावर निभावते. आम्ही रसायनशास्त्रातले. आमची डॉक्टरेट रेणूंची आहे, रोग्यांची नव्हे, तेव्हा औषधे सुचवणे आमचे काम नाही. आठवड्यातले दोन दिवस आम्ही घरी बसून अहवाल लिहितो आणि तीन दिवस प्रयोगशाळेत जातो, कारण टायट्रेशन स्वयंपाकघरात करता येत नाही. घरच्यांची परवानगी नाही, हे दुसरे कारण. दोन्ही बाजू आठवड्याला पाहायला मिळतात, म्हणून हा विषय घेतला.

तारखा एकदा नोंदवून ठेवू, कारण त्या काळातले दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. १२ मार्च २०२० रोजी तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर (वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, हे आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतोच) यांनी वॉशिंग्टनहून शाळा बंद करण्याची घोषणा केली. २७ मार्चला घरातच राहा, व्यायामाला दोन किलोमीटरच्या आत फिरा, असा हुकूम निघाला. त्याच वसंतात गॉलवे विद्यापीठ आणि वेस्टर्न डेव्हलपमेंट कमिशन यांनी घरून काम करणाऱ्यांची देशव्यापी पाहणी केली. ७,२४१ लोकांनी उत्तरे दिली. त्यांतल्या ८३ टक्के लोकांना साथ संपल्यावरही निदान काही दिवस घरून काम हवे होते. सगळ्यांत मोठा फायदा कोणता, तर रहदारीतून सुटका. तोट्यांमध्ये पहिल्या तिनांत होते एकटेपणा, कामात मन न लागणे आणि बसायला धड जागा नसणे. पुढे एप्रिल २०२२ च्या जनगणनेत सुमारे साडेसात लाख लोकांनी आठवड्यातला निदान काही वेळ घरून काम करतो असे लिहिले. काम करणाऱ्यांतला हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला.

आपल्या सभासदांमध्ये ज्या परिचारिका आहेत, केअर होममध्ये, हॉटेलात किंवा कारखान्यात काम करणारे आहेत, त्यांना हा सगळा प्रकार दुरूनच पाहावा लागला. त्यांच्या तब्येतीचा प्रश्न वेगळा आहे आणि मोठाही आहे. त्यावर एक अंक स्वतंत्रपणे द्यायला हवा.

आता जो मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आधीच घेतो. पाठ, डोळे, वजन यांवर कुठेही वाचायला मिळते. परदेशात राहणाऱ्या माणसाचे घरून काम ही मात्र जरा निराळी गोष्ट आहे.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ २०२१ मध्ये पुण्याहून इथे आले. आल्या दिवसापासून काम घरून. भाड्याचे घर, बॉक्स रूम, कंपनीने पाठवलेला लॅपटॉप. पत्नीला वर्षाच्या आत एका क्रेशमध्ये नोकरी मिळाली. मुलगा शाळेत हर्लिंगची काठी घेऊन जाऊ लागला आणि "ग्रँड" म्हणू लागला. दोन वर्षांनी मंडळाच्या गणेशोत्सवात हे गृहस्थ बोलता बोलता सहज म्हणाले, "गेल्या आठवड्यात मी ज्या आयरिश माणसाशी प्रत्यक्ष बोललो तो पार्सलवाला होता. तोही माझी सही घेऊन गेला." सगळे हसले, तेही हसले. पण घरी जाताना आमच्या मनात हिशोब चालूच राहिला. त्या घरात बायकोचे आयर्लंड सुरू झाले होते, मुलाचे सुरू झाले होते. ज्याच्या परमिटवर सगळे इथे आले, त्याचेच व्हायचे राहिले होते.

पूर्वी आलेल्या मंडळींना इथला देश शिकवला तो ऑफिसच्या चहाच्या खोलीने. हवामानावर पाच मिनिटे बोलल्याशिवाय कामाचे बोलायचे नाही, "गिव्हिंग आउट" म्हणजे काही वाटणे नव्हे तर कुरकुर करणे, "युअर मॅन" म्हणजे आपला कुणी नव्हे तर कुणीही तिऱ्हाईत, एखाद्याच्या घरी मयत झाली तर ओळख थोडी असली तरी भेटायला जायचे, हे सगळे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. घर कुठे घ्यावे, कोणता जीपी नवे रुग्ण घेतो, मुलाला कोणत्या क्लबात घालावे, हेही तिथेच कळायचे. पडद्यावरच्या मीटिंगमध्ये यातले काही येत नाही. ती वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते आणि मधली पाच मिनिटे कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरात एकटेपणा ओळखू येत नाही, कारण घर रिकामे नसते. कुकरची शिटी होते, मुले भांडतात, आई-वडील नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले असतात, सांगलीहून व्हिडिओ कॉल चालू असतो. एवढ्या गलबल्यात माणूस एकटा कसा पडेल? पण ज्याला बरोबरीच्या कुणाशी कामाविषयी दोन शब्द बोलायला, चुकून एखादा विनोद करायला, कुणाचे कौतुक ऐकायला मिळत नाही, तो भरल्या घरातही हळूहळू अबोल होतो. घरच्यांना वाटते, थकलाय. वाचकांपैकी कुणाला हे वर्णन आपल्याच घरातले वाटले तर जीपीशी बोलण्यात कमीपणा मानू नये. इथले जीपी अशा तक्रारी रोज ऐकतात.

शांघायच्या एका मोठ्या प्रवास-कंपनीत २०१०-११ च्या सुमारास एक प्रयोग झाला. फोनवर काम करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, कंपनी खूश झाली. मग सगळ्यांना पुन्हा निवड करायला सांगितली, तेव्हा अर्ध्याहून अधिक लोकांनी आपली आधीची निवड बदलली. जे ऑफिसात परत गेले त्यांनी एकटेपणाचे कारण दिले. त्याच कंपनीत पुढे १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, त्यात आठवड्यातले दोनच दिवस घरून काम होते. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कामात काही घट आढळली नाही आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी झाले. प्रयोगशाळेत आम्ही याला मात्रा म्हणतो. पदार्थ तोच, प्रमाण बदलले की परिणाम बदलतो.

दुसरी आपली खास अडचण घड्याळाची आहे. आयर्लंड हा देश पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्या बरोबर मध्ये येऊन बसला आहे. हिवाळ्यात पुण्यात दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा इथे सकाळचे सात. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे पाच. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला निदान बस चुकेल अशी सबब होती. घरी बसलेल्याला तीही नाही. पुण्याच्या टीमला सकाळी सातला सापडतो, अमेरिकेच्या टीमला रात्री आठला. मराठी येते म्हणून पुण्याशी बोलायचे कामही याच्याच गळ्यात! आम्ही अशी घरे पाहिली आहेत की जेवणाच्या ताटावर बापाच्या कानात बोंडूक असते आणि मुले खुणांनी भाजी मागतात.

येथे कायदा आपल्या बाजूने आहे, तो माहीत असावा. १९९७ च्या कामाच्या वेळेच्या कायद्याप्रमाणे आठवड्याचे काम सरासरीने ४८ तासांपेक्षा जास्त नसावे आणि दोन दिवसांच्या कामांत सलग ११ तास विश्रांती मिळावी. म्हणजे रात्री नऊला शेवटची मीटिंग संपली तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आधी कामाला बसवता येत नाही. जे आपल्या कामाच्या वेळा स्वतःच ठरवतात अशा वरिष्ठांना हे लागू नाही, पण आपल्यातले बहुतेक तसे नसतात, नुसते तसे वागतात. १ एप्रिल २०२१ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काची संहिताही आली आहे. त्याच्याही आधी, २०१८ मध्ये, रात्री बारानंतरही ईमेलला उत्तरे द्यावी लागणाऱ्या एका बाईंना इथल्या लेबर कोर्टाने ७,५०० युरो भरपाई दिली होती. तिकडे नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले. मूर्तींविषयी आम्हांला आदर आहे, पण इथे तो सल्ला मानणे कायद्यात बसत नाही.

बसण्याविषयी थोडक्यात. जेवणाचे टेबल जेवणासाठी केलेले असते. त्यावर लॅपटॉप ठेवला की मान खाली जाते आणि खांदे वर येतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले, यासाठी वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके पुरतात. (आमच्या घरी या कामी पीएचडीचा प्रबंध आहे. इतक्या वर्षांत त्याचा पहिलाच उपयोग.) पण खुर्ची मात्र स्वतःच्या पैशाने घेण्याआधी कंपनीला विचारावे. २००७ च्या नियमांप्रमाणे पडद्यासमोर नेहमी काम करणाऱ्याच्या जागेची तपासणी करणे मालकाचे काम आहे, आणि ती जागा घरात असली तरी ही जबाबदारी सुटत नाही. डोळ्यांची तपासणीही मालकाच्या खर्चाने मागता येते. आपली माणसे हे मागत नाहीत. उगाच नजरेत कशाला यायचे, असे म्हणतात. परमिटवर असणाऱ्याची ही भीती आम्ही जाणतो, पण खुर्ची मागितल्याने परमिट जात नाही.

चालण्याचे मात्र कुणी सांगावे लागू नये. पूर्वी लुआसपर्यंत दहा मिनिटे, उतरून दहा मिनिटे, तेच संध्याकाळी. आता पलंगापासून टेबलापर्यंत अकरा पावले आणि वाटेत चिवड्याचा डबा. आपल्या लोकांना युरोपीय लोकांपेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात मधुमेह गाठतो, हे सर्वमान्य आहे.

आता आमच्या विषयाकडे येऊ, कारण पुढच्या दोन गोष्टी रसायनशास्त्राच्या आहेत आणि त्यांविषयी कंपनीचा एचआर कधीच बोलणार नाही.

पहिली, ऊन. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीतला एक रेणू असतो. २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण त्याच्यावर पडले की त्याचे एक कडे उघडते आणि त्यातून ड जीवनसत्त्व तयार होते. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. डब्लिनमध्ये त्याच दिवशी १३ अंश. इतक्या तिरक्या वाटेने येताना हे किरण वातावरणातच शोषले जातात. ऑक्टोबर ते मार्च इथले ऊन डोळ्यांना दिसते, त्वचेला जवळजवळ काही देत नाही. त्यातून आपली त्वचा सावळी, म्हणजे तिला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन हवे. आणि बॉक्स रूमची खिडकी? काच हे किरण अडवते. म्हणून जूनमध्ये खिडकीशी बसून उन्हात काम केले तरी ड जीवनसत्त्वाच्या खात्यावर काही जमा होत नाही. ऑफिसला जाणारा निदान उन्हाळ्यात दुपारी सँडविच आणायला बाहेर पडत होता.

डब्लिन भागात राहणाऱ्या आशियाई वंशाच्या १८६ जणांच्या रक्ततपासणीचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांत या जीवनसत्त्वाची स्पष्ट कमतरता निघाली. इथला सरकारी सल्ला असा आहे की मोठ्या माणसांनी हिवाळ्यात रोज १५ मायक्रोग्रॅम घ्यावे आणि सावळ्या त्वचेच्यांनी वर्षभर घ्यावे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, तेव्हा १५ मायक्रोग्रॅम म्हणजे ६०० युनिट. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण आपल्याकडे भारतातून ६०,००० युनिटच्या पुड्या आणायची पद्धत आहे. एका पुडीत शंभर दिवसांचा साठा होतो. डॉक्टरांनी रक्त तपासून दिली असेल तर ती औषध आहे. मावशीने बॅगेत टाकली म्हणून दर रविवारी घ्यायची ती वस्तू नव्हे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते, लघवीवाटे निघून जात नाही, आणि फार झाले तर रक्तातला कॅल्शियम वाढवते.

दुसरी गोष्ट रेडॉन. हा शब्द भारतातून आलेल्यांपैकी फार थोड्यांनी ऐकलेला असतो. जमिनीतल्या खडकांत युरेनियम असते. ते विघटत विघटत रेडियम होते आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो वाऱ्याने विरून जातो, पण घराखालच्या जमिनीतून फरशीच्या फटींतून आत आला तर बंद घरात साठतो. श्वासाबरोबर आत गेल्यावर त्याची पुढची किरणोत्सर्गी अपत्ये फुप्फुसात चिकटून बसतात. आयर्लंडमध्ये धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून रेडॉनचे नाव घेतात. वर्षाला सुमारे ३५० रुग्णांचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. इथल्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन एजन्सीने २०२२ मध्ये नवा नकाशा काढला, त्यानुसार सुमारे १,७०,००० घरांना धोका आहे. घरासाठी मर्यादा आहे घनमीटरला २०० बेक्वेरेल. केरी कौंटीत कॅसलआयलंडजवळच्या एका घरात २००३ मध्ये ४९,००० बेक्वेरेल मोजले गेले होते. ते टोकाचे उदाहरण झाले, पण गॉलवे, मेयो, स्लायगो, वॉटरफर्ड, वेक्सफर्ड इकडच्या वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

घरून काम करण्याशी याचा संबंध साध्या गुणाकाराचा आहे. रोज दहा तास बाहेर असणारा माणूस घरची हवा चौदा तास घेतो. घरून काम करणारा, तासदोन तास बाहेर पडला तर, बावीस तास घेतो. हवा तीच, मात्रा दीडपटीहून जास्त. धोक्याच्या भागातल्या ऑफिसांच्या तळमजल्यावर रेडॉन मोजणे मालकाला बंधनकारक आहे. तेच ऑफिस आपल्या बैठकीच्या खोलीत आले की मोजणारा कुणी राहत नाही. रेडॉन जमिनीतून येत असल्यामुळे तळमजल्यावर सहसा जास्त असतो. या एका बाबतीत वरच्या मजल्यावरची बॉक्स रूम बरी, गॅरेजची केलेली खोली वाईट.

आणि इथे आपली एक खास खोड सांगायला हवी. इथल्या घरांच्या भिंतींना हवा खेळण्यासाठी झरोके असतात. नव्याने आलेल्या मराठी घरात पहिल्या नोव्हेंबरात त्यांतून थंडगार वारा आला, की दुसऱ्या दिवशी त्यांत जुने टॉवेल कोंबून वर चिकटपट्टी लागते. हीटिंगचे बिल कमी होते हे खरे. पण रेडॉन असेल तर तो आत कोंडतो, फोडणीची वाफ भिंतीवर बुरशी होऊन बसते आणि दार लावून आठ तास बसलेल्या माणसाला दुपारी तीनला जी झापड येते, तिच्यात त्याच्याच श्वासाच्या कार्बन डायॉक्साइडचा वाटा असतो. झरोका उघडाच ठेवावा आणि अंगात स्वेटर घालावा.

मोजणी सोपी आहे. एजन्सीच्या यादीतल्या प्रयोगशाळेकडून दोन लहान डब्या टपालाने येतात. एक बैठकीच्या खोलीत आणि एक झोपण्याच्या खोलीत ठेवायची, तीन महिने हलवायची नाही, मग परत पाठवायची. घरात कुणी पाहुण्याने ती ऐशट्रे किंवा फिनेलची गोळी समजून उचलू नये एवढे पाहावे. भाडेकरूलाही ही तपासणी करता येते. आकडा जास्त निघाला तर घाबरायचे कारण नाही. फरशीखाली खड्डा करून पंख्याने हवा बाहेर खेचायची व्यवस्था करता येते.

शेवटी अर्जाचे. ७ मार्च २०२४ पासून प्रत्येक कर्मचाऱ्याला घरून काम मागण्याचा हक्क मिळाला आहे. शब्द नीट वाचावा : मागण्याचा, मिळण्याचा नव्हे. अर्ज लेखी हवा, ज्या तारखेपासून हवे तिच्या निदान आठ आठवडे आधी द्यावा, आणि मालकाने साधारण चार आठवड्यांत उत्तर द्यावे. नोकरीला सहा महिने झाल्याशिवाय व्यवस्था सुरू होत नाही. मालक कारणे देऊन नाही म्हणू शकतो. ती कारणे योग्य की अयोग्य हे वर्कप्लेस रिलेशन्स कमिशन तपासत नाही, अर्जाचा विचार रीतीने झाला की नाही एवढेच पाहते. २०२४ मध्ये टिकटॉकच्या एका कर्मचारी बाईंची तक्रार याच कारणाने फेटाळली गेली. तेव्हा "कायद्याने हक्क आहे" म्हणून साहेबाशी वाद घालायला जाऊ नये. अर्जात घरची जागा, खुर्ची, इंटरनेट, मीटिंगच्या वेळा हे नीट मांडावे. वीज, हीटिंग आणि ब्रॉडबँड यांच्या खर्चापैकी घरून काम केलेल्या दिवसांच्या ३० टक्के भागावर करसवलत मिळते, तीही वर्षाअखेरीस मागावी.

किती दिवस मागावे, असे पुष्कळ जण विचारतात. आमचे मत विचाराल तर पाचही दिवस घरून काम मिळत असले, तरी नव्याने आलेल्याने पहिले वर्षभर निदान दोन दिवस ऑफिसला जावे. पगार तेवढाच राहील, पेट्रोल जाईल, एम-५० वर मनस्ताप होईल. पण चहाच्या खोलीत बसायला मिळेल. लहान मुले आणि आजारी आई-वडील असलेल्यांचे गणित वेगळे, त्यांना हा सल्ला द्यायचा आम्हांला अधिकार नाही. भारतात गेल्यावर तिथून महिनाभर काम करू, असा बेत असणाऱ्यांनी कंपनीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. परमिट इथे काम करण्यासाठी आहे आणि करांचा गुंता दोन्ही देशांत होतो.

वर ज्या गृहस्थांचे सांगितले ते आता मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसला जातात. मुलाच्या क्लबात शनिवारी गोलपोस्टामागे उभे राहून चेंडू आणून देण्याचे कामही त्यांनी धरले आहे. हर्लिंगचे नियम त्यांना अजून समजलेले नाहीत.

लूकन भागातल्या घरून काम करणाऱ्या मंडळींनी बुधवारी दुपारी एक वाजता ग्रिफीन व्हॅली पार्कच्या फाटकाशी जमावे, अर्धा तास चालून परत कामाला. पाऊस असला तरी जायचे आहे, नाहीतर वर्षातून चारदाच जाणे होईल. इतर भागांतल्या कुणाला असे काही सुरू करायचे असेल तर कळवावे, पुढच्या अंकात छापू. ज्यांनी रेडॉनच्या डब्या मागवल्या आहेत त्यांनी तीन महिन्यांनी आलेला आकडा आम्हांला सांगावा. नाव-पत्ता न देता फक्त कौंटी, घराचा मजला आणि आकडा असा तक्ता याच सदरात देऊ.